शिवेवर टेकवलेला पब

हे तुम्ही खरं मानणार नाही. आमच्या धाकट्या ब्रिमकोम गावातही कुणी मानत नाही, आणि मी एकोणऐंशी वर्षं सांगतोय. त्यातली पहिली दोन बोबडं सांगितलं, एवढंच.

राणीच्या राज्याभिषेकाला आठवडा उरला होता. आमच्या सगळ्या डेव्हन परगण्यात पताका लागल्या होत्या. सकाळी पबचं दार उघडल्याबरोबर मी गल्ल्याजवळच्या माझ्या बाकावर जाऊन बसलो. विनी येलंड फरशी पुसत होती. ही आमची नवी मालकीण, प्लिमथची विधवा, दंड असे की भरलेलं पिंप एकटी तळघरातून वर आणते. पुसण्याचं पाणी वाहत माझ्या बुटांशी आलं. रोजच येतं. मी पाय वर घेतले आणि खिडकीबाहेर बघितलं, तर काय! शिडीवर अर्न टकर, हातात पत्र्याची पट्टी, आणि आमची पाटी खरवडायच्या तयारीत.

"विनी! हा माणूस काय करतोय?"

"पाटी रंगवतोय, आजोबा. 'मुकुट' असं नाव देतेय पबला. राज्याभिषेकाचं वर्ष आहे."

माझ्या तोंडचा घोट तोंडातच राहिला. पबचं नाव 'लांब टॉबी आणि नॅन'. माझं नाव टॉबी. माझ्या बापाचं टॉबी, आज्याचं टॉबी. पाटीवर टॉबी आहे म्हणून गावात मी कुणीतरी आहे. पाटी गेली की उरला कोण? बाकावरचा एक म्हातारा.

"अगं, वीर होते ते!"

"कसले वीर? तीन महिने विचारतेय. पाटीवर दोन माणसं कायतरी उचलून नेतायत, एवढंच दिसतं. पोस्टमन म्हणतो शवपेटी. शाळेच्या बाई म्हणतात चीजचं चाक. पाद्रीसाहेब म्हणाले, पाप असेल. खरं काय नेतायत ते एकालाही ठाऊक नाही, आणि त्यांच्या नावाचा पब मी चालवायचा होय?"

"मला ठाऊक आहे."

विनीनं पोछा बादलीत ठेवला. कुतूहल मोठं वाईट. मांजराला सुटत नाही तर प्लिमथच्या बाईला काय सुटणार! "अर्न, खाली ये, चहा घे," ती ओरडली. मग माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याचा चहा संपेपर्यंत सांगा. पटलं तर नाव राहील. नाही पटलं तर मुकुट."

"आधी मला सांग," मी म्हटलं, "दोन आठवड्यांपूर्वी शिवेच्या फेरीत तुला दगडावर आपटलं होतं ना?"

"अजून दुखतंय!" नव्या माणसाला शीव कायम लक्षात राहावी म्हणून आम्ही त्याला उचलून शिवेच्या दगडावर बुडावर आपटतो. जुनी रीत आहे.

"आणि मग सगळं गाव तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरलं, चुलाण्यावरून इकडं आलं आणि या दारानं बाहेर पडलं. का?"

"शीव चुलाण्यातून जाते म्हणून. स्वयंपाकघर थोरल्या ब्रिमकोममध्ये, ही खोली धाकट्यात. कुणा मूर्खानं बांधलं असं?"

"बांधलं नाही, पोरी. टेकवलं."

अर्ननं चहात चौथा चमचा साखर घातली. भला माणूस, चहा जितका गोड तितका हळू पितो.

मी सांगितलं ते असं. पब आधी अख्खा शेजारच्या थोरल्या ब्रिमकोममध्ये होता. तिथल्या पाद्र्यानं हुकूम काढला, आमच्या शिवेच्या आत दारूचा थेंब नको. हा लांब टॉबी कुंपणं विणायचा. उंच इतका, की काम करताना टोपी चर्चच्या कळसाला अडकवायचा. त्याची बायको नॅन बिअर गाळायची. एका काखेत वासरू, दुसऱ्या काखेत नवरा घेऊन बाजारातून यायची. दोघांनी पबखाली ओकचे दोन वासे सरकवले आणि शिवेपलीकडं न्यायला तो उचलला.

"पब?"

"पब. आत चौदा गिऱ्हाइकं होती. त्यांना कळलंही नाही. एक जण फक्त म्हणाला, आज साइडर जरा चढतेय. टॉबी पुढं, ही खोली त्याच्याकडं. नॅन मागं, स्वयंपाकघर तिच्याकडं. चुलीत ॲपल पाय भाजत होता, तो उतू गेला नाही."

"ॲपल पाय उतू जात नाही, आजोबा," अर्न म्हणाला.

"तू चहा पी."

विनी बाकाच्या टोकाला टेकली होती. "मग पूर्ण का नाही आणला? चार पावलं तर राहिली होती."

खरं सांगायचं तर गोष्टीत इथंवर मला कुणी कधी येऊ दिलं नव्हतं. पुढचं तयार नव्हतं. पण टॉबीच्या नावाला बट्टा कसा लावू? "चार पावलं राहिली," मी म्हटलं, "आणि नॅन दमली. बाईमाणूस शेवटी. तिच्या हातून तिचं टोक सुटलं, धाडकन आदळलं, आणि बिचाऱ्या टॉबीला आपलं टोक हळूच खाली ठेवावं लागलं."

विनीनं बादली उचलली, चुलाण्याजवळ गेली आणि पाणी जमिनीवर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, मग निघालं. स्वयंपाकघराकडं नाही. सरळ माझ्याकडं, बाकाखाली, माझ्या बुटांत.

"खोटं!" ती अशी गरजली, की खिडकीची तावदानं हलली. "साफ खोटं, आजोबा! रोज सकाळी पुसते मी ही फरशी. स्वयंपाकघर अजून ताठ आहे, खचलंय ते तुमच्या बाजूचं टोक! नॅन तिथं जीव काढून उभी होती आणि टाकलं तुमच्या त्या टॉबीनं! अर्न, ठेव तो कप. चढ वर. आणि नॅनचं नाव आधी लिही!"