मी दारावरची जुनो

मी जुनो बोलतेय. डोळे ताणून शोधू नका, सापडायची नाही मी. भाईंदर पश्चिमेच्या एका दवाखान्यात, प्रयोगशाळेतल्या उबदार पेटीत, काचेच्या बशीत गुलाबी पाण्याचा एक थेंब आहे. त्यात डेल्फिनचं स्त्रीबीज आहे आणि त्या बीजाच्या पातळ त्वचेवर मी उभी आहे, दारावर राखणीला बसवल्यासारखी. जीव नुसता टांगणीला लागलाय.

बीज डेल्फिनच्या वयाचं. ती आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्यात तयार झालेलं. मी मात्र नवी. बीज वाढीला लागलं तेव्हा त्याने मला घडवलं आणि बाहेरच्या अंगाला बसवलं. जातीने मी प्रथिन. माणसांनी आधी मला फोलिक ॲसिड धरणाऱ्या घराण्यात ढकललं होतं. मी त्याला कधी शिवतही नाही! पुढे खरं काम कळलं, तेव्हा रोमन लोकांच्या लग्नाच्या देवीचं नाव दिलं. नाव मोठं, काम एकच. शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी गळली की खालचं इझुमो नावाचं प्रथिन उघडं पडतं. त्याला ओळखायचं आणि घट्ट धरायचं. आमचे हात जुळले, तरच पुढचं सगळं.

उत्तनच्या डेल्फिनचं आणि मेल्विनचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. या खेपेला पक्व असं हे एकच बीज मिळालं. म्हणून माझी ही घालमेल.

सकाळी मेल्विन मोटारसायकलला थर्माकोलचा खोका बांधून आला. इथली बीजं सांभाळणारी मृणालिनी खोक्याकडे बघतच राहिली. उघडला, तर आत बर्फात रुतवलेली त्याच्या वीर्याच्या सॅम्पलची डबी!

तिने बजावलं होतं, घरून आणणार असाल तर शर्टाच्या आत, अंगाशी धरून आणा. पण तेव्हा लाजेने मान खाली घालून तो नुसता हो हो करत होता. मग घरी त्याच्या आईने, बेट्टीने, कारभार हातात घेतला.

"बर्फाबिगर म्हावरा टिकतंय काय, मॅडम?" मेल्विनच्या मागोमाग आत आलेली बेट्टी म्हणाली. "मीच बोलले त्याला. भरपूर बर्फ घातलाय. एकदम ताजा हाय."

जन्मभर मासळी बर्फात रचलेली बाई ती. जपायचं ते बर्फात, एवढंच तिला ठाऊक. रागवायचं तरी कुणावर?

मृणालिनीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "गारठलेत सगळे. हलतच नाहीयेत."

मग ती मेल्विनकडे वळली.

"दुसरं सॅम्पल द्या, इथेच. नाहीतर सुईने एखादा शुक्राणू बीजात सोडावा लागेल."

सुई! खोटं कशाला बोलू, सुईनेही मुलं होतात, चांगली गुटगुटीत होतात. पण सुई मला विचारत नाही, सरळ भोसकून आत जाते. मग मी घडले कशाला? आणि टोचताना हे एकुलतं बीजच फुटलं तर?

मेल्विन मात्र अडून बसला. "बाहेर एवढी माणसं बसलीत, मॅडम. मला न्हाय जमायचं."

बीज काढून झाल्यावर शेजारच्या खोलीत डेल्फिन पडून होती. भिंतीला धरत ती दारापर्यंत आली. "मी रोज पोटात सुया टोचून घेतल्या, मेल्विन. मला लाज न्हवती? जा ना रे."

तो हलेना. शेवटी बेट्टीच उठली, पदर खोचला. "चल. मी बसते दाराशी. कोनाला फिरकू देत न्हाय."

आणि खरंच, त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून ती पहारा देत बसली. माझीच बहीण वाटली मला.

वाट बघणं म्हणजे काय ते मला विचारा. बीज काही तासांत शिळं होतं. मी तिष्ठत होते, आणि आतून त्वचा सैल पडत चालल्यासारखी वाटत होती.

अखेर मृणालिनीचा आवाज आला. "हे पळतायत की! सुई नको."

ते आले. झुंडीने आले, बीजाभोवतीच्या कवचावर धडका दिल्या. एक आत घुसला. इझुमो दिसला आणि मी सगळा जीव एकवटून त्याला धरलं. धरलं!

पण आनंद करायला उसंत कुठे? मागे दुसरे होतेच. दुसरा आत शिरला तर सगळा घोळ, बाळ धरतच नाही. म्हणून आमचा रिवाज असा, की एकाला घेतलं की त्वचेवर उभ्या आम्ही सगळ्या जुनो बहिणींनी त्वचा सोडून द्यायची. धरणारंच कुणी उरलं नाही, की दार बंद.

मीही त्वचा सोडली. आता त्याच थेंबात तरंगतेय. उद्या बीजात दोन गोल दिसले, एक आईचा, एक बापाचा, तर जमलं. दिसतील ना? मला कोण सांगणार? मृणालिनी बीज नव्या थेंबात उचलून नेईल आणि हे पाणी टाकून देईल.

बाहेर बेट्टी विचारतेय, "मॅडम, आता कुठं ठेवनार त्याला?"

"उबेत, आंटी."

बेट्टीबाई, माझ्याकडून दार लावून झालंय. इथून पुढे राखण तुमची. तुम्हाला ती येते, मी पाहिलंय. फक्त त्या पोराला बर्फापासून लांब ठेवा.