पाच हजार नंबरचं तेल

तुम्ही कधी तेलाची बाटली उलटी धरून, तिच्यातला बुडबुडा वर पोचायला किती वेळ घेतो, हे मोजलंय का? नसेलच मोजलं. मला मात्र तसं मोजणारा एक माणूस भेटला.

मी बोलतेय ती तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची बाटली. रिमोटवर धावणारे हातभर लांबीचे ट्रक असतात ना, त्यांचं तेल माझ्यात आहे. अंगावर बारीक अक्षरांत पाच हजार छापलंय. ती किंमत नव्हे, दाटपणाचं माप. आकडा मोठा तेवढं तेल दाट. ट्रकच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये तीनशे-चारशेचं पातळ तेल घालतात, खड्ड्यात गाडी उसळू नये म्हणून. मी डिफरन्शियलची. वळणावर आतलं चाक सावकाश आणि बाहेरचं भरभर फिरू देणारी गिअरची डबी, ती माझी जागा.

कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एका रांगेत भरलो गेलो. मग दुकानातल्या खिळ्याला मी एकटीच अकरा महिने लटकले. लोक ट्रक बघायला यायचे, तेल बघायला कोण येतंय?

शेवटी एक बाई आली. तिनं पर्समधून रिकामी बाटली काढून दुकानदारापुढे धरली. "अगदी हीच द्या. बाबांना सांगितलेलं नाही."

तिचे बाबा म्हणजे ड्रायव्हरकाका. तीस वर्षं खरे ट्रक चालवले, कुठे ओरखडा नाही. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच राहतात आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर आपला पिवळा ट्रक पळवतात. लेक महिन्यातून एकदा येते, फ्रीज पुसते, गोळ्या मोजते आणि जाताना दर वेळी तेच बोलते, "बाबा, डोळ्यांनी दगा दिला ना, की एक दिवससुद्धा इथं राहायचं नाही. सरळ माझ्याकडे."

"डोळे? अगं, मी धुक्यात घाट उतरलोय."

या वेळी मला त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "बघा बरं, नंबर बरोबर आहे का."

काकांनी मला डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. त्यांच्या बुबुळांवर काचेवर वाफ धरावी तसा पांढरा पडदा होता. "वा," ते म्हणाले. "हेच हवं होतं." आणि माझ्याकडे पाहण्याऐवजी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

ती गेल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. तिथं दहा हजारची अर्धी बाटली होती, मानेला रबर गुंडाळलेली. वाचता येईनासं झालं तेव्हापासून ते असंच चालवत होते. खुणा, बोटं आणि बुडबुडा. उजेडात बाटली उलटी करायची, चमकता ठिपका वर चढेपर्यंत आकडे मोजायचे. जितका वेळ जास्त तितकं तेल दाट.

अर्ध्या बाटलीतला बुडबुडा सुपारीएवढा. नऊ म्हणेपर्यंत वर. मी काठोकाठ भरलेली, माझा बुडबुडा डाळीएवढा. छोटा बुडबुडा सावकाशच चढतो, तेल पातळ असलं तरी. काका चौदापर्यंत गेले.

"पोरीनं पंधरा हजारचं आणलं की," ते स्वतःशीच म्हणाले.

नाही हो काका, मी पाच हजारची. ओरडावंसं वाटलं. पण तोंडाला झाकण असलेल्यानं बोलावं कसं? त्या घरात आम्ही दोघंच होतो, आणि दोघांनाही खरं बोलता येत नव्हतं.

त्यांनी बोटांनीच चाचपत पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डब्यांचे स्क्रू काढले. पुढच्या डिफरन्शियलला दाट घातलं की ट्रक वळणातून सरळ ओढला जातो, मागच्याला पातळ घातलं की शेपूट जागेवर राहते. हा हिशेब त्यांना पाठ होता. म्हणून मला पुढे ओतलं आणि रबरवाल्या दहा हजारला मागे.

मैदानावर पहिल्याच वळणाला ट्रकची शेपूट भिरभिरली. दुसऱ्याला गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी.

"ड्रायव्हर, लायसन्स कोणी दिलं रे तुला?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. काकाही हसले, जरा जास्तच वेळ.

तिथंच त्यांचा जुना मित्र होता, औषधांचं दुकान चालवणारा. त्यानं ट्रक टेबलावर घेतला, दोन्ही डब्या उघडल्या, बोटांत तेल चोळून पाहिलं आणि काकांनी सोबत आणलेल्या पेटीतून मला उचललं.

"पुढे पाच, मागे दहा. उलटं केलंस की."

"पाच कुठलं? लेकीनं पंधरा आणलंय."

"अरे, लिहिलंय इथं. माझ्या दुकानात असं केलं असतंस तर गिऱ्हाईक गेलं असतं वर." मित्र हसला आणि मध्येच थांबला. त्यानं मला काकांसमोर धरलं. "वाच."

"चष्मा घरी राहिला."

"चष्मा नाकावर आहे तुझ्या."

काकांनी चष्मा काढून खिशात घातला. मग काका अगदी हळू म्हणाले, "तिला कळलं तर ती घर बंद करेल रे. कुलूप लावून नेईल मला."

"आणि न कळता एक दिवस तू गोळीऐवजी दुसरंच काही खाल्लंस तर? तू सांगतोस की मी सांगू?"

काकांनी मला पेटीत टाकून झाकण लावलं. घरी येऊन त्यांनी मला खिडकीत ठेवलं. आता मी अर्धी उरलेय. तुमच्या घरात कोणी बाटली जवळ-लांब धरून पाहत असेल, तर त्याला हसू नका. शेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवा. मला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काकांनी लेकीला फोन लावला आणि सांगितलं, "तू आणलेल्या बाटलीवरचा आकडा मला वाचता आला नव्हता."