कुंपणापलीकडची कोंबडी

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या सणाला जे येतं ते घरचं येतं. कुणी सुपात नागली आणतं, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी डांगर, कुणी पाय बांधलेली कोंबडी. भक्ती झाली की अंगणात सगळ्याचा लिलाव होतो. कोणी काय दिलं हे मात्र सांगायचं नाही, अशी आमच्या वाडवडलांपासूनची रीत. ज्याने भरपूर दिलं त्याला फुशारकी नको, आणि ज्याच्याकडे थोडं आहे त्याला लाज नको. पहाटे येऊन मागच्या दाराने ठेवायचं आणि निघून जायचं.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी शाळेतून निवृत्त झालो, तरी रविवारी भक्तीआधी पोरांना शास्त्र शिकवतो, म्हणून सगळे अजून गुरुजीच म्हणतात.

यंदाच्या लिलावात एक ठिपक्यांची कोंबडी निघाली. रुपसिंगआबाची नात हेमलता त्याच्या बाहीला लोंबकळू लागली. "आबा, ती घ्या ना! पहा, कशी राणीसारखी दिखस!"

हेमलताचे आईवडील नाशिककडे द्राक्षबागेत कामाला असतात. पोर आबाजवळ राहते, आणि आबाला तिला नाही म्हणणं जमत नाही. तो बोली वाढवत गेला. "एक वार, दोन वार, तीन वार!" आणि कोंबडी हेमलताच्या कुशीत आली. मागे बायकांत उभ्या असलेल्या कस्तुराने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटून हसते आहे.

कस्तुरा म्हणजे सुकलालची बायको, आणि सुकलाल रुपसिंगचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची घरं एकाच अंगणात, माझ्या घरासमोर. पण अंगणाच्या मधोमध आता तारेचं कुंपण आहे. दोन वर्षांमागे रुपसिंग मुलाकडे नाशिकला गेलेला असताना सुकलालने अंगणातला आंबा तोडला. बापाने लावलेला आंबा. वादळात अर्धा मोडला होता, घरावर येईल म्हणून तोडला, असं सुकलाल म्हणतो. मला न विचारता तोडला, असं रुपसिंग म्हणतो. दोन्ही खरं आहे. रुपसिंगने येताच कुंपण घातलं आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

रुपसिंग माणूस सरळ. मनात राग ठेवून प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, हे तो लहानपणी माझ्या वडिलांकडे शिकला होता. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला वाटायची वेळ आली की तो उठायचा, जोडे घालायचा आणि बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहायचा. वाटून झालं की परत येऊन शेवटच्या गीताला उभा राहायचा. पाळकसाहेबांनी समजावलं, मी समजावलं. तो एवढंच म्हणायचा, "राग शे ना, गुरुजी. मग खोटं कसाले करू?" पण बाहेर उभा राहिलेला असताना त्याचं तोंड चर्चच्या दाराकडेच असायचं, हे मी खिडकीतून पाहत होतो.

नवी कोंबडी घराला रुळेपर्यंत डालग्याखाली ठेवतात. हेमलताने तिला दाणापाणी दिलं, तिच्याशी गप्पा मारल्या, आणि काही दिवसांनी डालगं उचललं. कोंबडी दिवसभर अंगणात चरली. दिवेलागणीला तिने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, तारेखालून अंग काढलं आणि सरळ सुकलालच्या खुराड्यात जाऊन बसली. ती तिथलीच होती.

रुपसिंग माझ्याशेजारी आपल्या ओट्यावर बसून पाहत होता. क्षणभराने त्याला सगळं कळलं.

"कस्तुरानी कोंबडी शे ही?" तो मला म्हणाला. "तरीच! बठ्ठा गाव माले हसत व्हता."

"कुणी हसत नव्हतं," मी म्हणालो. "जा, घेऊन ये. तुझीच आहे."

"त्या दाराले मी पाय लावत नही."

पलीकडे सुकलाल कस्तुराला म्हणत होता, "देवाले दिलं ते परत घरात ठेवू नको. पाप लागी." पण कुंपणाशी येऊन हाक मारायला तोही तयार नव्हता. शेवटी सुकलालची नात पुनम हिने कोंबडी काखेत मारली आणि तारेवरून हेमलताच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी कोंबडी पुन्हा गेली. पुनमने पुन्हा दिली. मग हे रोजचंच झालं. दोन घरांत तेवढीच एक देवाणघेवाण, आणि तीही कोंबडीने चालवलेली.

त्या रविवारी मी पोरांना देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती करायची आज्ञा सांगत होतो. हेमलताने हात वर केला.

"गुरुजी, देव तर दिसत नही. मग त्याच्यावर प्रीती कशी करतस? आबावर करते तर त्यांचे पाय दाबते. देवाचे काय दाबू?"

पोरं हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, "देवाने त्याचे सोपे मार्ग सांगून ठेवलेत. मोशेच्या नियमशास्त्रात एक असा आहे: तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव चुकून भटकताना दिसलं, तर ते त्याच्याकडे परत नेऊन दे. हे पाठ करा. देवाचे पाय दाबल्यासारखंच आहे."

"आमच्याकडे गाढव नही," झुलाल म्हणाला.

"तूच शे ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"आणि शत्रू कोण?" मी विचारलं.

झुलालचा शत्रू त्याची चिंच खाणारा मावसभाऊ निघाला. हेमलता मात्र सहज म्हणाली, "आमचे धाकले आबा." शेजारी पुनम बसली होती. ती म्हणाली, "आणि आमचे मोठे आबा." दोघींच्या हातात एकच शेंगांची पुडी होती. त्या खात होत्या आणि टरफलं एकमेकींच्या ओच्यात टाकत होत्या. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. पोरांना शिकवताना कुठे थांबायचं हेही शिकावं लागतं.

पुढच्या आठवड्यात कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली, तीही जुन्या जागी, सुकलालच्या माळ्याखालच्या टोपलीत. सुकलाल पेचात पडला. अंडी खावीत तर देवाला दिलेल्या कोंबडीची, आणि वर भावाने विकत घेतलेली. टाकून देणं पाप. पुनमच्या हाती पाठवावीत तर ती वाटेत फोडणार. दोन-तीन दिवस त्याने तशीच ठेवली. मग एका संध्याकाळी मी रुपसिंगच्या ओट्यावर बसलो असताना तो टोपीत अंडी घेऊन कुंपणाशी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ," तो म्हणाला. "तुन्या कोंबडीनी अंडी. धर, ले."

रुपसिंग खाटेवरून उठला नाही. हेमलताच धावत गेली, आणि टोपी हातात घेता घेता ठसक्यात म्हणाली, "आबा, गुरुजींनी पाठ करायला सांगितलं ना, तसंच धाकल्या आबांनी केलं! शत्रूचं जनावर परत नेऊन द्या!"

"जनावर नही, अंडी," सुकलाल ओशाळून म्हणाला.

रुपसिंग माझ्याकडे वळला. "गुरुजी, शास्त्रात असं शे?"

"आहे."

"मग हा माले अंडी देस, तर शत्रू कोण झाला?" त्याने स्वतःशीच विचार केला आणि हळूच म्हणाला, "मीच ना?"

दोन वर्षं त्याने शत्रू पाहिला होता तो कुंपणाच्या पलीकडे. अलीकडेही एक बसलेला आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मला ते आधीच दिसत होतं; पण मी सांगितलं असतं तर ते माझं बोलणं झालं असतं. अंड्यांचं बोलणं वेगळं.

तो उठून कुंपणाशी गेला. तारेला हात लावून उभा राहिला.

"आंबा अजून दुखस," तो म्हणाला.

"माले बी दुखस, भाऊ. सावली गयी." सुकलालने मान खाली घातली. "तुले फोन करायले पाहिजे होता. तू नही म्हणशी, म्हणून केला नही."

"मी नहीच म्हणालो असतो."

"माले ठावं शे."

एवढंच झालं. मिठी नाही, रडणं नाही. रुपसिंगने टोपीतली निम्मी अंडी काढून घेतली आणि निम्मी टोपीसकट परत दिली. "कस्तुराले दे. कोंबडी दाणा तिनाच खास." कस्तुरा दारातून हसली. या वेळी ते हसणंच होतं, पदराने डोळे पुसत असली तरी.

महिन्याचा पहिला रविवार आला. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं फडकं उचललं. रुपसिंग उठला. हेमलता माझ्याकडे पाहू लागली. तो दाराकडे चालत गेला, पण जोड्यांपर्यंत गेला नाही. शेवटच्या बाकावर सुकलाल बसला होता. रुपसिंग त्याच्यापाशी उभा राहिला.

"चाल," तो म्हणाला. "राग बठ्ठा गया नही. पण बाहेर ऊन लई शे."

सुकलालने त्याच्याकडे पाहिलं आणि उठला. दोघं पुढे आले, शेजारी गुडघे टेकले. रुपसिंगने भाकरीसाठी हात पुढे केला. पाळकसाहेबांनी ती त्याच्या तळव्यावर ठेवली आणि क्षणभर त्याची बोटं आपल्या हाताने मिटून धरली.

कुंपण अजून आहे. रुपसिंगने खालची तार तेवढी वर उचलून बांधली आहे, कोंबडीचं पीस अडकू नये म्हणून. ती झोपायला अजून पलीकडेच जाते, आणि हेमलता तिला आणायला जाते. पण पुष्कळदा जेवूनच परत येते.

परवा मी पोरांकडून पाठ म्हणवून घेतला. हेमलता उभी राहिली, हात जोडले आणि खणखणीत म्हणाली, "तुझ्या शत्रूचा बैल किंवा कोंबडी चुकून भटकताना दिसली, तर ती त्याच्याकडे परत नेऊन दे."

झुलाल ओरडला, "गुरुजी, गाढव! गाढव शे तिथं!"

मी म्हणालो, "राहू दे. बस, हेमलता. बरोबर आहे."