खंडेनवमीचे लिंबू

मित्रांनो, तुमचा डावा हात समोर धरा. पाचही बोटे हलवून पाहा. आता अशी कल्पना करा, की त्या हातावर वीतभर उंचीवर एक भला मोठा लोखंडी ठोकळा टांगलेला आहे आणि तो कधी खाली येईल हे तुम्हाला ठाऊक नाही. तो ठोकळा म्हणजे मी.

मी एक जुना पॉवर प्रेस आहे. हैदराबादच्या बालानगरात पत्र्याच्या एका शेडमध्ये उभा आहे. पंख्यांचे आणि कुलपांचे भाग मी पत्र्यातून कापून देतो. माझ्या बाजूला एक जड चाक फिरत असते. बटणे दाबली, की त्या चाकाची सगळी ताकद एका दणक्यात खाली येते. खाली पत्रा आहे की बोट, हे मला कळते. पण एकदा निघालो, की मला थांबता येत नाही.

मी इथे आलो तेव्हा शिकण्याची रीत निराळी होती. गौस उस्ताद मला चालवायचे. मुले त्यांच्याकडे शागीर्द म्हणून यायची. चहा आणायचा, फडकी धुवायची आणि उस्तादांचे हात बघत बघत काम उचलायचे. ना वर्ग, ना परीक्षा. उस्ताद धडा एकच द्यायचे. स्वतःचा पंजा नव्या मुलासमोर धरायचे. त्यात दोन बोटे नव्हती.

"देख लिया? अब काम कर," एवढेच म्हणायचे. ती बोटे माझ्याआधीच्या यंत्राने खाल्ली होती. मुलगा कसनुसा हसायचा आणि कामाला लागायचा.

पुढे आयटीआयमध्ये शिकलेली मुले येऊ लागली. त्यांना शिकाऊ उमेदवार म्हणत. त्यांचा करार होई, परीक्षा होई, कोणी काय शिकवायचे तेही ठरलेले असे. त्यांच्याबरोबर मीही बदललो. पायाने दाबायची पट्टी गेली आणि दोन बटणे आली. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली तरच मी खाली येणार. म्हणजे हात आपोआप बाहेर. माझ्या तोंडावर लोखंडी जाळी बसली.

"आता ह्या मशीनवर पोरगं डोळे मिटून सोडा!" लोक कौतुकाने म्हणायचे. मित्रांनो, ते कौतुक ऐकून मला कधी बरे वाटले नाही.

यंदा त्रिवेणी आली. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, आयटीआय पास, वर्षभरासाठी शिकाऊ. फोरमन हणमंतराव तिला जीव लावून शिकवायचे.

"अगे पोरी, बटण सोडलं की वर उसळलं पाहिजे. नाही उसळलं तर हात आत घालायचा नाही, हौ?"

"हौ काका."

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा. मला धुण्यासाठी जाळी काढली. तिला वेगळे हळदकुंकू वाहिले आणि ती भिंतीशीच टेकून राहिली. हणमंतरावांनी ओले कुंकू घेऊन दोन्ही बटणांवर अंगठा टेकवला. उजवे बटण उसळले. डावे कुंकवात चिकटून आतच राहिले. हणमंतराव तोवर अगरबत्ती लावायला वळले होते.

आमच्या शेडची एक रीत आहे. पूजेनंतरचा पहिला दणका लिंबावर. नव्या माणसाने माझ्या तोंडात लिंबू ठेवायचे आणि मालकांनी बटणे दाबायची. चाक सुरू झाले. मालक विकासशेठ उजव्या बटणावर बोट ठेवून ऐटीत उभे राहिले.

"फोटो काढ रे! आणि त्रिवेणी, ठेव लवकर. मुहूर्त टळतोय."

तिने लिंबू ठेवले. तेलकट लोखंडावरून ते घरंगळले. तिने पुन्हा हात आत घातला आणि लिंबू धरून ठेवले. अंग मात्र तिने मागे खेचून धरले होते.

"अगं, लिंबू आहे, साप नाही!" मागून हेमंत ऑपरेटर ओरडला. सगळे हसले.

"घाबरतेस कशाला?" विकासशेठ म्हणाले. "एका बटणानं हे हलत नाही. दोन लागतात."

मित्रांनो, इथे जरा थांबा. मला ओरडता आले असते, तर मी ओरडलो असतो. माझी पूजा नाही केलीत तरी चालेल. हार नका घालू, लिंबूही नको. पण मला सुरू करण्याआधी माझी जाळी बसवा आणि माझी बटणे बघा. पूजा झाली म्हणून मी बदलत नाही.

त्रिवेणीची नजर डाव्या बटणाकडे गेली. तिने झटकन हात मागे ओढला.

"काका, डावं बटण..."

"कुठे काय झालंय?" विकासशेठ बघायला वाकले, आणि त्यांच्या बोटाने उजवे बटण दाबले गेले. डावे तर आधीच दाबलेले होते.

मी खाली आलो. शेड हादरली. लिंबाचा रस तिच्या बाहीवर उडाला.

"वा वा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतरावांनी मात्र वाजवल्या नाहीत. ते डाव्या बटणाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

टाळ्या चालू असतानाच त्रिवेणी भिंतीपाशी गेली आणि तिने मुख्य खटका खाली ओढला.

"आता कशाला बंद केलंस? झाला की मुहूर्त!" विकासशेठ म्हणाले.

"चाक थांबू द्या, साहेब."

माझे चाक घरघरत राहिले. टाळ्या एकेक करून विरल्या. चाक पुरते थांबेपर्यंत ती खटका धरून उभी राहिली. मग तिने भिंतीशी टेकलेली जाळी दोन्ही हातांनी उचलली, माझ्यापाशी आणली आणि माझ्या तोंडावर टेकवून धरली.

"काका," ती म्हणाली, "पाना द्या."