आधी मिथेन

प्रयोगशाळेतल्या बाई आताशा खुर्चीत बसताना आधी टेबल धरत. वय तसं फार नव्हतं, पण एकाच पापुद्र्यामागे उभी हयात घालवल्यावर माणूस थकणार नाही तर काय! जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडची भेसळ असते. ती पलीकडे जाऊ देणारा आणि मिथेन अडवून धरणारा पातळ पापुद्रा त्यांना स्वस्तातल्या प्लास्टिकचा करायचा होता. बाजारात होते ते वायूच्या छोट्या विहिरीवाल्यांना परवडत नव्हते, आणि बाईंच्या डोक्यात नेमके तेच लोक ठाण मांडून बसले होते.

घरी नवऱ्याची नजर हळूहळू जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याच्या थोरल्या बहिणीने दूरदेशी समुद्रकाठी घर बांधलं होतं. "दिसतंय तोवर एकदा आक्काचं घर बघायचंय," एवढंच तो म्हणे. एकट्याने जाणं आता शक्य नव्हतं. "पापुद्रा पास झाला की नोकरी सोडते, मग निघूच," असा बाईंनी शब्द दिला होता. उद्या या कामाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे लोक निर्णय घ्यायला येणार होते आणि आकडे झकास होते.

शेवटची चाचणी लावली जावयाने. जावई म्हणजे त्यांचा तंत्रज्ञ. उशिरा यायचा, आल्या आल्या चहा मागायचा आणि रुसला की काम ठप्प, म्हणून हे नाव. इथली पद्धत ठरलेली होती. आधी मिथेनचा सिलिंडर जोडायचा, मग कार्बन डायऑक्साइडचा, आणि कोण किती पार जातो ते ताडून बघायचं. दोन्ही मिसळलेला सिलिंडर महाग, म्हणून वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आज जावयाने घाईत उलटं केलं. आधी कार्बन डायऑक्साइड सोडला, मग मिथेन.

मिथेन पापुद्र्यातून भसाभसा निघून गेला.

"बाई, माझी चूक," जावई ओशाळून म्हणाला. "नवा पापुद्रा लावतो, नीट क्रमाने करतो. कुणाला कळायचंही नाही."

बाईंनी आकडा पुन्हा वाचला. कार्बन डायऑक्साइडने प्लास्टिक फुगतं, सैल पडतं, मग मिथेनलाही वाट मिळते. हे तर त्या स्वतः प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना शिकवत! आणि मिथेन मात्र दरवेळी कोऱ्या, न फुगलेल्या पापुद्र्यावर मोजत आल्या होत्या.

"विहिरीतून दोघं एकदमच येतात रे," त्या म्हणाल्या. "तिथे त्यांना रांगेत कोण उभं करणार?"

"मग उद्या?"

"उद्या खरं ते सांगायचं."

वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोला, आतून थोडं हलकंही वाटलं. एकदा खरं सांगितलं की इथला गाशा गुंडाळला जाणार, आपण सुटणार. घरी जाऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बॅग भर."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"विहिरीवर बसवल्यावर कळलं असतं तर आमची शोभा झाली असती. न फुगणारा करता येईल?"

"येईल बहुधा. वेळ लागेल, वर्षं लागतील," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"वेळ दिला. पण काम तुम्हीच करायचं. असं स्वतःहून सांगणारं दुसरं कोण आहे?"

जावई टाळ्या वाजवायचाच काय तो बाकी होता. बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

नवरा भरलेल्या बॅगेशेजारी बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. चिडला असता तर परवडलं असतं.

"मोठी रजा काढते," बाई म्हणाल्या.

"मागच्या वर्षीही काढणार होतीस." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "राहू दे. तू कामासाठी तिकडे गेलीस तेव्हा आक्काकडेच उतरली होतीस ना? तूच सांग, कसं आहे घर? खिडकीतून समुद्र दिसतो?"

बाईंनी आठवून पाहिलं. त्या मुक्कामात त्या सारा वेळ भिंतीकडे तोंड करून फोनवर जावयाला चाचण्या समजावत होत्या. भिंतीचा रंगसुद्धा आठवेना.

"दिसतो," त्या म्हणाल्या. "अगदी समोर दिसतो."

त्याने डोळे मिटून घेतले. "आणि?"