तिसऱ्या रांगेतलं रिकामं भोक

मित्रांनो, माझ्या अंगावर चाळीस भोकं आहेत, पण मला वाळवी लागलेली नाही. ती मुद्दाम पाडलेली आहेत. मी एक जुनी लाकडी फळी आहे. शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींना वर्गाकडे नीट बघायला शिकवायचं, हे माझं काम. ज्या बाईंनी मला ते काम दिलं, त्या आता नाहीत.

आधी मी एका मोडक्या दारात होते. बाईंचे यजमान सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बाई अध्यापक विद्यालयात शिकवायच्या. तिथले शिकाऊ शिक्षक शेजारच्या शाळेत सराव पाठ घ्यायचे आणि बाई मागे स्टुलावर बसून बघायच्या. एका संध्याकाळी त्या घरी आल्या त्या चिडूनच.

"मी त्याला म्हटलं, तू पुढच्या चार मुलांनाच विचारतोस. तो म्हणतो, नाही बाई, मी सगळ्यांना विचारतो! आता ह्याला दाखवू कसं?"

"लिहून ठेव की," मिस्त्री म्हणाले.

"लिहायला मान खाली घातली की बघायचं राहतं."

"मग हाताला कळेल असं काहीतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला दारातून काढलं, रंधा मारला आणि गिरमिटानं भोकं पाडली. आठ-आठ भोकांच्या पाच रांगा, वर्गातल्या बाकांसारख्याच. एकेका मुलाचं एकेक भोक. भोकं आरपार नव्हती, पण एकेकात दहा-बारा काड्या उभ्या राहतील एवढी रुंद होती. काड्या दोन तऱ्हेच्या. शिक्षकानं एखाद्या मुलाला प्रश्न विचारला, शाबासकी दिली, की त्याच्या भोकात साधी काडी. रागावलं, हिणवलं, की काळी काडी. काळ्या काड्या मिस्त्रींनी शाईत बुडवून केल्या होत्या.

बाई मला मांडीवर घेत. नजर वर्गावर आणि अंगठा माझ्यावर. आधी अंगठ्यानं भोक चाचपायच्या, मग काडी ठेवायच्या. पाठ संपला की मला टेबलावर ठेवायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. शिकाऊ शिक्षकानं स्वतःच बघायचं. शेवटी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कोण राहिलं?"

एकदा एका शिकाऊ मास्तरला त्यांनी विचारलं, "मुलींना किती वेळा उठवलंस?"

"सहा वेळा, बाई!" तो खुशीत म्हणाला.

"कशाकशाला?"

तो बोटं मोजत आठवायला लागला. फळा पुसायला, खिडकी लावायला, वह्या गोळा करायला... चौथ्या बोटावर त्याचा आवाज बसला.

एका शिकाऊ शिक्षिकेच्या पाठात गोऱ्या मुलांची भोकं भरलेली होती आणि सावळ्या मुलांची जवळजवळ रिकामी. तिला रडूच फुटलं. "माझ्या मनात असलं काही नाही हो, बाई."

"मनात नाही, माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "सवयीत आहे. ती आपण काढू."

मित्रांनो, बाईंनी घरातही मला सोडलं नाही. एका रविवारी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. एक भोक मिस्त्रींचं, एक त्यांचं. पाणी आणायला, मीठ आणायला, दार उघडायला जो उठेल त्याची काडी. संध्याकाळपर्यंत बाईंच्या भोकात जागा उरली नाही. मिस्त्रींच्या भोकात एकच काडी होती.

"ती तरी कशाची?" मिस्त्रींनी विचारलं.

"मांजर हाकलायला उठला होतात."

"माझ्याच फळीनं माझी अब्रू घेतली," असं म्हणत मिस्त्री उठले आणि चहा ठेवला. तेव्हापासून संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे आला. साखर कायम जास्त पडायची. बाई तसाच प्यायच्या.

अशी बरीच वर्षं गेली. मग विद्यालयात शिकायला एक मुलगी आली. तिचा रंग गडद होता, बोलीचा हेल वेगळा होता आणि ती फार बोलत नसे. बाकीचे तिला सावली म्हणत, तेही हसत हसत. ती शेवटच्या बाकावर बसायची.

एक दिवस लंबूमास्तर नावाचा खोडकर मुलगा उभा राहिला. "बाई, आज तुमच्या तासाला फळी मी घेऊ का?"

"घे की. घाबरते काय मी?"

तास संपल्यावर त्यानं मला टेबलावर ठेवलं. बाईंनी पाहिलं. सगळ्यांच्या भोकांत काड्या होत्या, सावलीचं रिकामं.

"मी मुद्दाम नाही विचारलं तुला," बाई हळूच म्हणाल्या. "तुझ्या बोलण्याला हे हसतील, तुला वाईट वाटेल, म्हणून."

"मला वाटलं, मला येत नाही असं तुम्हाला वाटतं," सावली म्हणाली.

बाई खुर्चीत बसल्या. स्वतःच्या तासाला त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. आता विचारते. तुला काय सांगायचंय?"

सावलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "रागावण्याच्या काड्या काळ्या का आहेत?"

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि काड्यांचा डबा मिस्त्रींसमोर ठेवला. "ह्याचा रंग खरवडून काढायचा. रागावण्याच्या काडीला खाच पाडा. इतकी वर्षं दुसऱ्यांचे वर्ग मोजत बसले आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही."

"रंग मीच दिला होता," मिस्त्री म्हणाले. "माझ्या तरी कुठे ध्यानात आलं?"

दोघांनी मिळून सगळ्या काड्या खरवडल्या. दोघांचीही बोटं चार दिवस काळी होती.

पुढे सावली त्याच विद्यालयात शिकवायला लागली. बाईंच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसायची. ते माझे सगळ्यात चांगले दिवस.

मग एका सकाळी एक नवा शिकाऊ मास्तर गणिताचा पाठ देत होता. बाई काड्या ठेवत होत्या. पाठ संपत आला आणि त्यांचा अंगठा माझ्यावर थांबला, तो थांबलाच. सावलीनं त्यांना धरलं. त्यांना दवाखान्यात नेलं. विद्यालयाच्या शिपायानं मला भरलं ताट धरावं तसं दोन्ही हातांवर धरून घरी पोचवलं. एकही काडी हलू दिली नाही. बाई मात्र परत आल्या नाहीत.

मिस्त्रींनी मला कपाटावर ठेवलं. बाईंच्या हातानं ठेवलेल्या शेवटच्या काड्या होत्या त्या. ते धूळसुद्धा फडक्यानं झाडत नसत. जवळ येऊन हळूच फुंकर मारायचे. संध्याकाळी चहा करायचे, दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. मित्रांनो, इतकी जपणूक कुणाच्या वाट्याला येत नाही. पण मला बाईंचा अंगठा आठवायचा. वर्गाचा गलका आठवायचा. मला परत मांडीवर जायचं होतं. आणि मिस्त्री मला कुणाला हात लावू देत नव्हते.

चार महिन्यांनी सावली आली.

"काका, नवी तुकडी आलीय. फळी नेऊ का?"

"पुस्तकं ने, वह्या ने. तिचा चष्मा हवा तर तोही ने," मिस्त्री म्हणाले. "फळी तेवढी मागू नकोस. नवी करून देतो."

"नको मग. राहू दे." ती उठली. जाताना मला बघायला कपाटाजवळ आली. एकेक रांग बघत गेली.

"काका, हे तिसऱ्या रांगेतलं, भिंतीकडचं भोक रिकामं आहे."

"असेल. मी काही हलवलं नाही."

"पाठ जवळजवळ संपला होता. बाकी सगळ्यांत काडी आहे. बाईंनी विचारलं असतं, कोण राहिलं? ते विचारायचंच राहून गेलं." तिनं त्या भोकाकडे बोट दाखवलं. "तो मास्तर आता त्याच शाळेत लागलाय. तोच वर्ग आहे त्याच्याकडे. ते मूल अजून तिथंच बसत असेल, काका. त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

मिस्त्री खुर्चीवर जाऊन बसले. मग उठले, कागद आणि कामाची पेन्सिल घेतली. चाळीस गोल काढले, प्रत्येकात काड्यांचा आकडा घातला. तिसऱ्या रांगेतल्या त्या गोलात शून्य लिहिलं आणि पेन्सिल दाबून दोनदा गिरवलं.

"हा कागद त्या मास्तरला दे. बाईंनी पाठवलाय म्हणून सांग."

मग त्यांनी एकेक काडी काढायला घेतली. शेवटची काडी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. तिच्या बदल्यात आत जाऊन एक नवी तासून आणली. लाकूड नवं, त्यामुळे ती बाकीच्यांपेक्षा पांढरी दिसत होती.

"एक कमी पडायला नको," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी सावलीच्या मांडीवर होते. तोच वर्ग, तोच मास्तर. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडे, एक बारीकशी मुलगी बसली होती. मास्तरनं गणित घातलं. सात-आठ हात वर झाले. तिचा नव्हता. मास्तर तिच्याकडे वळला. "तू सांग."

तिनं बाजूला वळून पाहिलं. बाजूला भिंतच होती. "मी?"

"हो, तूच."

ती उभी राहिली. उत्तर चुकलं. पोरं हसली. पण मास्तर दुसऱ्याकडे गेला नाही. "थांबा रे. तिला परत बघू दे."

सगळा वर्ग थांबला. तिनं परत पाहिलं, बोटांवर मोजलं आणि बरोबर उत्तर सांगितलं. सावलीनं न बघता अंगठ्यानं भोक शोधलं आणि काडी ठेवली. हाताला जी लागली, ती पांढरी निघाली.

मिस्त्री महिन्यातून एकदा विद्यालयात येतात. मोडलेल्या काड्या बदलतात. मला हातात घेऊन झिजलेल्या कडांवरून बोट फिरवतात आणि परत देतात. आता फुंकर मारत नाहीत. माझ्यावर धूळ बसायला वेळच नसतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची तरी वस्तू कपाटावर असेल. तिला जरूर जपा. पण ती काय सांगता सांगता थांबली, तेही एकदा बघा. आणि वर्गात, घरात, खेळात, उठण्यापूर्वी एकदा नजर फिरवून विचारा, कोण राहिलं? हे विचारणाऱ्या बाई आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. तुम्ही विचारलंत, तर जरा कमी येईल.