पोस्टरवरचा अंकुश

अंकुशची एक खोड त्याच्या आईला, पंचफुलाबाईला, मुळीच खपत नव्हती. कोणी विचारलं, "मुंबईले काय करता जी?" की हा मान खाली घालून सांगायचा, "दुसऱ्यायच्या गाण्यात वाजवतो." बस, एवढंच. मोठेपणाचा एक शब्द नाही. विचारणारा चहा पिऊन उठायचा आणि दिघोरी गावभर सांगत सुटायचा, की डोमाचा पोरगा मुंबईत कोणाच्या तरी मागं बसून कायतरी वाजवते.

आणि खरं तसंच होतं, म्हणून तर बाईचा जीव जळायचा. भीमजयंतीच्या गाणेपार्टीत कोपऱ्यात उभा राहून चार तारांची, लांब दांड्याची बेस गिटार वाजवणारा हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी मुंबईला निघाला, तेव्हा ती नाही म्हणाली होती. पोरगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी असा भांडला की शेजारची निर्मलाबाई कुडाशी येऊन उभी राहिली. मग पंचफुलाबाईनेच त्याची पिशवी भरून दिली. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. स्टुडिओतून बोलावणं आलं की जायचं, कानाला हेडफोन लावायचा, समोरचा कागद पाहून वाजवायचं आणि घरी यायचं. सतारीला विदेशी ड्रम जोडून जॅझच्या वळणाचं जे फ्यूजन करतात, त्यात तर त्याचा हात फार चांगला, असं त्याचा एक सोबती इथे येऊन सांगून गेला होता. अंकुश कधीमधी सीडी घेऊन यायचा. कव्हरवर सगळी इंग्रजी अक्षरं. पंचफुलाबाई दुसरी शिकलेली, तीही मराठीत. ती निर्मलाबाईच्या सुनेला, रश्मीला, समोर बसवून पूर्ण कव्हर वाचायला लावायची. सतारवाल्याचं नाव निघायचं, ड्रमवाल्याचं निघायचं, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा निघायचं.

"अंकुशभाऊचं नाही दिसत, काकू."

"नीट पाह्य. तुहं शिक्षण कायले झालं मंग?"

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईला, गावच्या जत्रेला, अंकुश चार दिवसांसाठी आला. मंडईत भेटला जागेश्वर, वडशाच्या नाटक कंपनीचा मालक. हसत हसत म्हणाला, "मावशी, मुंबईवाला आमच्या नाटकात वाजवते का मंग?"

पाच गावची माणसं ऐकत उभी होती. पंचफुलाबाईने पदर सावरला. "काहून नाही वाजवणार? अख्खा सीझन वाजवते."

विदर्भाच्या या झाडीपट्टीत नाटकाला दिलेला शब्द होळीपर्यंतचा असतो. मधूनच कोणी उठून गेला, तर त्याच्या घरच्यांना पुढच्या मंडईत कोणी बसा म्हणत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण बोलताना समोर माणसं होती.

तिसऱ्या दिवशी पोस्टरं लागली. चक्कीच्या भिंतीसमोर उभी राहून तिने एकटीने वाचलं, बोट न लावता: मुंबईचे सुप्रसिद्ध गिटारवादक अंकुश डोमाजी रामटेके. दळण घेऊन घरी आली, डबा ठेवला आणि परत जाऊन अजून एकदा वाचलं.

अंकुशनेही पाहिलं. "ठीक आहे, माय," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. तेव्हाच तिला काहीतरी खटकलं.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या अंगणात भांडी घासत होती आणि तो वांग्याच्या वाफ्यापलीकडे फोनवर बोलत होता. "हो, तिन्ही चाली माझ्याच... नाही, मागे नाही, पुढे उभं राहायचं म्हणता ना... शनिवारी सांगतो." तिचा हात थांबला. इतकी वर्षं मुलाच्या तोंडाकडे पाहून काढलेली बाई ती, पुढचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि तिला सगळं समजलं. फ्यूजनवाल्या चौघांनी त्याला भाड्याने नाही, आपल्यातला एक म्हणून बोलावलं होतं. त्याच्या स्वतःच्या चाली, रेकॉर्डिंग, मग गावोगावचे कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं.

तिने मनात सगळं ठरवून टाकलं. पोरगा विचारेल. एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा भांडेल, तेव्हा उठून जागेश्वरकडे जायचं, त्याची बोलणी ऐकून घ्यायची आणि मंडईत चार वर्षं उभं राहायचं. आपला शब्द ती आपण होऊन मोडणार नव्हती. पोराने भांडून मोडवून घ्यावा, एवढीच तिची अट.

तो विचारेना. मग तिनेच बोलण्याचं दार जरा किलकिलं केलं.

"रेल्वेले गर्दी असन नाही आता?"

"असन."

"तुह्या खोलीवर कोण आहे तिकडं?"

"कुलूप आहे."

"बरं वाटते तुले इथं?"

"बरं आहे, माय. भाजी वाढ थोडी."

बुधवार गेला, गुरुवार गेला. जेवायला समोरासमोर बसायची दोघं. माणसाने बोलावं तरी किती कमी.

शनिवारी दुपारी ती निर्मलाबाईला घेऊन तालीम पाहायला गेली. पहिला प्रयोग दिघोरीतच होता, म्हणून समाजमंदिरातच तालीम चालली होती. ऑर्गनवर घनश्याम, त्याच्या बाजूला तबला, आणि शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीवर अंकुश. गाणं सुरू झालं आणि अर्ध्यातच जागेश्वरने हात वर केला.

"अंकुशभाऊ, जमून नाही राहिलं. खालचा सूर घनश्यामचा डावा हात वीस वर्षांपासून सांभाळते. तुमचा अन् त्याचा गचका होऊन राहिला."

"मी कमी करतो."

"कमी कायले, वायरच काढा ना. बोटं तेवढी चालू ठेवा. पब्लिकले तुम्ही दिसले पायजे, बस."

अंकुशने वायर काढली, गुंडाळली, खुर्चीखाली ठेवली. गाणं पुन्हा सुरू झालं. त्याची बोटं तारांवर बरोबर चालत होती, पण त्यातलं काहीच कोणाच्या कानापर्यंत येत नव्हतं.

"कसा वाजवते वं तुहा पोरगा," निर्मलाबाई म्हणाली. "बोटं पाह्य कशी पळतेत."

चहासाठी सगळे उठले तेव्हा पंचफुलाबाई सरळ अंकुशसमोर जाऊन उभी राहिली.

"आज शनिवार आहे. मुंबईवाल्यायले काय सांगतलं?"

त्याने वर पाहिलं. तिला माहीत आहे हे त्याला आत्ता कळत होतं. "नाही म्हटलं. बुधवारीच."

"बुधवारीच? काहून?"

"तू शब्द देल्ला होता ना, माय. तुही इज्जत जाते म्हटलं. ते बी समजून गेले, दुसरा पाहिला त्यायनं." आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं. ताप उतरलेल्या माणसासारखा तो सैल बसला होता. पंचफुलाबाईने ते पाहिलं.

घनश्याम चहाचा कप घेऊन तिथेच उभा होता. जागेश्वरही वळून पाहत होता. ती आवाज खाली न करता बोलली.

"मी तोंड चालवलं, ते माह्या अंगावर. पण तू मले एक डाव विचारलं नाही, एक शब्द भांडला नाही. पुढं उभं राहाचं तुले भेव वाटलं, अन् ते भेव तू माह्या पदराखाली लपोवलं. माही इज्जत कायले मधात आणतं, अंकुश? बस आता होळीपर्यंत तिथंच. तुले पायजे होती तीच जागा तुले भेटली."